नगरपरिषदेच्या समित्यांकडून काम कसं करून घ्यायचं: अर्जापासून कार्यादेशापर्यंत

नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत माइक ओढाओढी झाली की त्याची बातमी होते. निर्णय मात्र बहुतेक वेळा त्याआधीच झालेला असतो. कधी विभागाच्या टिपणीत, कधी विषय समितीच्या बैठकीत, कधी नगराध्यक्षांच्या दालनात चहाबरोबर. त्यामुळे सभेच्या दिवशी निवेदन घेऊन गेटवर उभं राहणाऱ्यांच्या हाती निवेदन देतानाच्या फोटोपलीकडे फारसं काही लागत नाही. आपला कागद सभेच्या किती आधी, कुणाच्या टेबलावर आणि कोणत्या शब्दांत जायला हवा, हे ज्याला समजलं त्याचं काम होण्याची शक्यता बरीच वाढते. हा लेख तेवढ्यापुरताच आहे.

उदाहरण एकच घेऊ. पन्नास-साठ हजार वस्तीचं तालुक्याचं गाव आहे. आठवडी बाजाराला आसपासच्या खेड्यांतून भाजी विकायला बायका पहाटेच येतात, आणि दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत, कारण बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. ते व्हावं अशी तुमची मागणी आहे. दिसायला साधं काम. पण एवढ्याशा कामात नगरपरिषदेचे निम्मे विभाग येतात.

आधी घर ओळखा

छोट्या शहरांचा कारभार चालतो तो महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ या कायद्यावर. लोकसंख्या एक लाखाच्या वर असेल तर 'अ' वर्ग, चाळीस हजार ते एक लाख 'ब' वर्ग, त्याखाली 'क' वर्ग. आपल्या उदाहरणातलं गाव 'ब' वर्गात बसतं. विषय समित्या साधारण अशा असतात: सार्वजनिक बांधकाम, शिक्षण, स्वच्छता-वैद्यक व सार्वजनिक आरोग्य, पाणीपुरवठा व जलनिःसारण, नियोजन व विकास, महिला व बालकल्याण. प्रत्येकीला एक सभापती. एक समिती उपनगराध्यक्षांकडे पदसिद्ध असते. या सगळ्यांच्या वर स्थायी समिती, नगराध्यक्ष तिचे अध्यक्ष.

सभापतिपदाची मुदत एक वर्षाची असते, हे विसरू नका. ज्या सभापतींनी "करून टाकू" म्हणून शब्द दिला, त्यांची खुर्ची पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे गेलेली असते आणि नव्या सभापतींना तुमचा विषय ठाऊकही नसतो. तोंडी शब्दावर विसंबून राहणाऱ्यांची वर्षंच्या वर्षं अशीच जातात. निवड झाल्या झाल्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत सभापतींना गाठा. तेव्हा त्यांनाही स्वतःच्या नावावर एखादं काम हवं असतं.

दुसरी बाजू प्रशासनाची. नगरसेवक ठराव करतात, तो अमलात आणतात मुख्याधिकारी. गावात सगळे त्यांना सीओ म्हणतात. बेकायदा किंवा पैशाची सोय नसलेला ठराव सीओ अमलात आणत नाहीत, आणणंही अपेक्षित नाही. म्हणजे तुम्हाला दोन्ही दारं वाजवायची आहेत. नुसत्या राजकीय दारावर उभं राहिलात तर हार-तुरे मिळतील, आणि नुसत्या प्रशासकीय दारावर उभं राहिलात तर "सभेपुढे विषय ठेवू" हे उत्तर मिळेल.

निवडणुका लांबून प्रशासक बसले, जसे २०२२ नंतर बहुतेक नगरपरिषदांत बसले होते, तर समित्याच नसतात. सभेचे आणि समित्यांचे अधिकार एकट्या प्रशासकाकडे जातात आणि ठराव 'प्रशासकीय ठराव' म्हणून होतात. तेव्हा मार्ग आखूड होतो खरा, पण जाब विचारायला कुणी निवडून दिलेला माणूस नसतो. त्या काळातले ठराव आता काढून पाहा. तुमच्या बाजाराबद्दल एखादा तेव्हाच झालेला असू शकतो.

नामनिर्देशित नगरसेवकांनाही, म्हणजे लोकांच्या भाषेत 'स्वीकृत' सदस्यांना, कमी लेखू नका. त्यांना सभेत मत देता येत नाही, पण बोलता येतं. पद आहे ते विशेष ज्ञानासाठी. ते खरोखर डॉक्टर किंवा अभियंता असतील तर तुमचा विषय त्यांच्या तोंडी अधिक वजनदार होतो. (नेत्याचा पुतण्या असेल तर सोडून द्या.)

समित्यांबाहेरच्या समित्या

विषय समित्यांखेरीज वेगवेगळ्या कायद्यांनी बसवलेल्या काही समित्या असतात. त्यांची बैठक कधी झाली हे गावात सहसा कुणाला ठाऊक नसतं, आणि नेमकं म्हणूनच तिथे शिरकाव करायला जागा असते.

आपल्या कामाच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची आहे नगर फेरीवाला समिती. पथविक्रेता कायदा २०१४ चा. तिचे अध्यक्ष मुख्याधिकारी. किमान चाळीस टक्के सदस्य फेरीवाल्यांनी आपल्यातून निवडून दिलेले असावेत आणि त्यातल्या एक तृतीयांश जागा महिलांना. स्वयंसेवी व स्थानिक संस्थांनाही किमान दहा टक्के जागा आहेत. बाजारातल्या भाजीवालीचा आवाज कायद्याने ज्या खोलीत पोचायला हवा ती ही खोली. समिती कागदावर आहे का, शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्तात, म्हणजे बैठकीच्या लेखी नोंदीत, काय लिहिलंय, हे तीन प्रश्न विचारा. समितीच नसेल तर ती नसणं हाच तुमच्या अर्जातला एक मुद्दा.

झाड आड येत असेल तर वृक्ष प्राधिकरण. नागरी क्षेत्रातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. तोडण्याआधी जाहीर नोटीस आणि हरकतींसाठी सात दिवस. पन्नास वर्षांहून जुनं झाड २०२१ च्या दुरुस्तीनंतर वारसा वृक्ष धरलं जातं आणि तिथे प्रकरण बरंच लांबतं. बाजारातल्या जुन्या वडाखालची जागा सोयीची म्हणून सुचवाल, तर हे ध्यानात ठेवा.

शहराचा विकास आराखडा नव्याने होत असेल तर प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांना तीस दिवस मिळतात. सुनावणी घेते नियोजन समिती. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार नेमलेले जाणकार असतात. इथे लेखी हरकत दिलेल्यालाच ऐकलं जातं. बाजाराच्या जागेवर 'सार्वजनिक स्वच्छतागृह' असं आरक्षण एकदा पडलं की पुढची बरीच वर्षं तुम्हाला जागेसाठी पुन्हा भांडावं लागत नाही. ही संधी एका पिढीत एकदाच येते, आणि लोक ती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची बारीक नोटीस न वाचल्यामुळे घालवतात.

अर्जाआधीचं घरकाम

पहिलं, जागा कुणाची. बाजार नगरपरिषद भरवते, बाजारकराचा ठेका तीच देते, म्हणून जागाही तिचीच असेल असं धरू नका. ती सरकारची असू शकते, देवस्थानची असू शकते, बाजार समितीची असू शकते. भूमी अभिलेख कार्यालयातून त्या सिटी सर्व्हे नंबरचं मालमत्ता पत्रक काढा. सरकारी निघाली तर प्रकरण तहसीलमार्गे जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणार आणि तुमचा अर्ज दोन ठिकाणी द्यावा लागणार. हे आधी कळलेलं बरं. नाहीतर ठराव होतो, नारळ फुटतो आणि मग कुणीतरी जागेचा वाद काढतो.

दुसरं, पैसा कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या कोणत्या खात्यातून. नगरपरिषदेचं अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या सुमारास विशेष सभेत येतं, पण आकड्यांची जुळवाजुळव डिसेंबर-जानेवारीत लेखापालांच्या टेबलावर होते. तरतूद हवी असेल तर अर्ज दिवाळीनंतर लगेच जायला हवा. मार्चमध्ये अर्ज देणारा माणूस एक वर्ष थांबतो. उत्पन्नातून महिला व बालकल्याणासाठी पाच टक्के, दिव्यांगांसाठी पाच टक्के आणि दुर्बल घटकांसाठी पाच टक्के राखून ठेवायचे असतात. यातले पैसे बऱ्याच ठिकाणी वर्षअखेर शिल्लक राहतात, किंवा मार्चअखेर घाईघाईत शिलाई मशिनं वाटून संपवले जातात. त्यातून काय करता येतं हे शासन निर्णयांत ठरलेलं असतं, तेव्हा तो निर्णय हातात घेऊनच मागा. याशिवाय वित्त आयोगाचा निधी आहे, स्वच्छ भारतचा आहे, आणि पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा नियोजन समितीकडून येणारा नगरोत्थान या राज्याच्या योजनेचा आहे. कोणता निधी या कामाला चालेल हे लेखापालांना सरळ विचारा. सभापतींपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

तिसरं, आधी कुणी हे मागितलंय का. मागच्या पाच-सात वर्षांचे ठराव पाहा. माहिती अधिकाराचा अर्ज लागतो दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पचा, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांत. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पहिलं अपील. जुना मंजूर ठराव सापडला तर तुमचं काम निम्म्याने हलकं होतं, कारण मग तुम्ही नवीन काही मागत नसता, झालेलं अमलात आणा एवढंच म्हणत असता.

अर्ज

चार पानी निवेदन कुणी वाचत नाही. एक पान, एक मागणी, आणि ती कोणत्या विभागाची हे विषयातच दिसायला हवं. नमुना असा:

प्रति, मा. मुख्याधिकारी, …… नगरपरिषद
प्रत: मा. नगराध्यक्ष, मा. सभापती, स्वच्छता व आरोग्य समिती, मा. सभापती, महिला व बालकल्याण समिती, नगर अभियंता
विषय: आठवडी बाजार, सि.स.नं. …… येथे महिलांसाठी स्वच्छतागृह बांधणे व त्याची दैनंदिन देखभाल, याबाबत समिती सभेपुढे विषय ठेवणेबाबत.
महोदय, वरील ठिकाणी दर …… वारी बाजार भरतो. विक्रेत्या व ग्राहक महिलांसाठी स्वच्छतागृह नाही. सर्वांत जवळचे सार्वजनिक स्वच्छतागृह …… येथे, पायी …… मिनिटांवर आहे. सुचवलेली जागा, मालमत्ता पत्रक व कच्चा नकाशा सोबत जोडला आहे. पाणी व जलनिःसारण जोडणी …… रस्त्यावर उपलब्ध आहे. तरी सदर विषय येत्या समिती सभेच्या विषयपत्रिकेवर घेऊन केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती मिळावी, ही विनंती.

खाली बाजारातल्या बायकांच्या सह्या किंवा अंगठे, प्रत्येकीपुढे गाव आणि काय विकते ते. 'समस्त नागरिक' अशी सही करू नका, तिला शून्य किंमत आहे.

अर्ज आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. साहेबांच्या हातात प्रत्यक्ष दिला की आपलं वजन पडतं असं वाटतं, पण हातात दिलेला अर्ज हातातच राहतो. आवक क्रमांक नसलेला कागद कचेरीच्या लेखी अस्तित्वात नाही.

टिपणीचा टप्पा

इथेच बहुतेक विषय मरतात, म्हणून इथे थोडं थांबू. अर्ज विभागाच्या लिपिकाकडे येतो. तो टिपणी लिहितो: विषय काय, जागा कुणाची, अंदाजे खर्च, कोणतं लेखाशीर्ष, तरतूद शिल्लक किती, मंजुरीचा अधिकार कुणाचा. नगर अभियंता अंदाजपत्रक जोडतात, लेखापाल शेरा मारतात, कार्यालय अधीक्षकांमार्फत फाइल सीओंकडे जाते आणि मग समितीपुढे. यातली एक जागा जरी कोरी राहिली तरी फाइल खाली परत येते आणि ती परत आल्याचं तुम्हाला कुणी सांगत नाही.

आठ-दहा दिवसांनी जा. "माझ्या अर्जाचं काय झालं" असं मोघम विचारू नका. "आवक क्रमांक अमुक, टिपणी झाली का, फाइल कुणाकडे आहे" असं विचारा. लिपिकाला लगेच कळतं की समोरच्याला कचेरी माहीत आहे. अभियंत्यांना जागेवर यायची विनंती करा आणि ते येतील तेव्हा बाजाराचा दिवस असू द्या. रिकाम्या मैदानावर उभं राहून गरज दिसत नाही. त्याच दिवशी आरोग्य निरीक्षकही आले तर उत्तम, कारण पुढे झाडू मारणारा माणूस तेच देणार आहेत.

लिपिकाशी भांडू नका. तो नगरसेवकांपेक्षा जास्त वर्षं त्या खुर्चीवर असणार आहे.

सभा

सर्वसाधारण सभा साधारण दोन महिन्यांतून एकदा होते. तिची नोटीस सात दिवस आधी, विशेष सभेची तीन दिवस आधी निघते आणि ती कार्यालयाच्या फलकावर लावायची असते. फलक पाहायची सवय ठेवा. विषयपत्रिकेत तुमचा विषय स्वतंत्र क्रमांकाने आहे का ते बघा. 'ऐनवेळचे विषय' या पोतडीत तो जात असेल तर आनंद मानू नका. ऐनवेळी घुसवलेला, खर्चाचा विषय पुढे कुणी तक्रार केली तर अडकतो. कायद्याच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात, आणि विरोधी गट पहिला अर्ज तिथेच करतो.

सभेच्या आधी दोन माणसांना भेटा: सत्ताधारी गटनेता आणि विरोधी गटनेता. हो, विरोधीसुद्धा. बाजारातल्या बायकांच्या विषयाला सहसा कुणी उघड विरोध करत नाही, पण "आम्हाला विश्वासात घेतलं नाही" या सबबीवर विषय तहकूब होतो. सूचक एका गटाचा आणि अनुमोदक दुसऱ्या गटाचा मिळाला तर सोन्याहून पिवळं. निम्म्या जागा महिलांच्या आहेत, तेव्हा निदान चार-पाच नगरसेविकांना बाजारात एकदा घेऊन जाणं अवघड नाही. काही प्रभागांत बाईंच्या नावाने पतिराजच फोन उचलतात. तिथे नम्रपणे म्हणायचं, "ताईंनाच सांगायचं होतं."

नगरपरिषदेची सभा लोकांना ऐकायला खुली असते. जाऊन बसा. बोलता येणार नाही, पण बाजारातल्या आठ-दहा जणी शांतपणे मागे बसल्या की विषय घाईत गुंडाळला जात नाही.

ठरावाचे शब्द नीट वाचा

सभेत टाळ्या वाजल्या म्हणजे काम झालं असं नाही. इतिवृत्तात काय लिहून आलं ते महत्त्वाचं. काही ठरलेली वाक्यं आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा.

"तत्त्वतः मान्यता देण्यात येते." म्हणजे कल्पना चांगली आहे, पैसे नाहीत.

"निधीच्या उपलब्धतेनुसार कार्यवाही करावी." म्हणजे तुम्ही निधी शोधून आणेपर्यंत फाइल कपाटात.

"तांत्रिक अभिप्राय घेऊन पुढील सभेत ठेवावे." हे वाईट नाही, पण पुढच्या सभेची विषयपत्रिका निघण्याआधी अभिप्राय झालाय का हे तुम्हालाच बघावं लागेल.

"विषय तहकूब." कारण विचारा. ते इतिवृत्तात लिहिलेलं असायला हवं.

तुम्हाला हवा आहे असा मजकूर: सि.स.नं. अमुक येथे महिला स्वच्छतागृह बांधण्यास, अमुक रुपयांच्या अंदाजपत्रकास, अमुक लेखाशीर्षातून, प्रशासकीय मान्यता देण्यात येते. पुढील कार्यवाहीसाठी मुख्याधिकारी यांना प्राधिकृत करण्यात येते. देखभालीचा खर्च आरोग्य विभागाच्या तरतुदीतून करावा. शेवटचा तुकडा लोक विसरतात. तो नसेल तर इमारत उभी राहते, उद्घाटनाचा फलक लागतो आणि दोन महिन्यांत दाराला कुलूप, कारण पाण्याची टाकी भरायची कुणी हे ठरलेलंच नसतं. म्हणून ही ओळ सूचक नगरसेवकाच्या हातात आधीच लिहून द्या. तयार मजकूर मिळाला की तो जसाच्या तसा वाचला जातो.

पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम होतं. त्याआधी प्रत मिळवा. शब्द बदलले असतील तर नगरसेवकांना तिथेच हरकत घेता येते. एकदा कायम झालं की दुरुस्ती डोकेदुखी असते.

ठरावानंतर

क्रम असा: तांत्रिक मंजुरी, निविदा, दर मंजुरी, करारनामा, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश), काम, मोजमाप, देयक. प्रत्येक टप्प्याला एक तारीख लागते आणि ती तुमच्या वहीत असायला हवी. कार्यादेशाची प्रत मिळवा, त्यात मुदत किती महिन्यांची आणि दोष दायित्व कालावधी किती हे लिहिलेलं असतं. बांधून झाल्यावर फरशी उखडली तर त्या कालावधीत ठेकेदाराने फुकट दुरुस्त करायची असते. नगरपरिषदेने नव्याने निविदा काढायची नसते.

काम चालू असताना एकदा अंदाजपत्रक हातात घेऊन जागेवर जा. दरवाज्याला आतून कडी, वर झरोका, दिवा, हात धुवायला नळ, सॅनिटरी पॅड टाकायला झाकणाचा डबा, आणि दाराबाहेर टोपली ठेवायला ओटा. हा ओटा कुठल्याच नमुना नकाशात नसतो. भाजीवाली आपली टोपली रस्त्यावर सोडून आत जाणार नाही, हे अभियंत्यांना बाजारातल्या बाईनेच सांगावं लागतं, आणि ते नकाशा कागदावर असतानाच.

अडलं तर

आधी सीओंना स्मरणपत्र, जुना आवक क्रमांक टाकून. मग माहिती अधिकारात फाइलच्या टिपणीची प्रत मागा. फाइल कुठे अडली हे तिथे शेऱ्यासकट दिसतं. मग लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस. तालुक्याचा तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी असतो. तिथे अर्ज विहित नमुन्यात आणि पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, आणि कोर्टात असलेली प्रकरणं घेतली जात नाहीत. उपोषणाचा इशारा शेवटी. तो पहिल्याच अर्जात देणाऱ्यांची फाइल 'आंदोलन' या गठ्ठ्यात जाते, आणि तिथून ती बांधकाम विभागात परत आणायला वेगळीच खटपट करावी लागते.

दरम्यान सभापतींचं वर्ष संपत आलं असेल, तर मावळत्या सभापतींकडून 'सदर विषय पुढे चालू ठेवावा' असा शेरा फाइलवर मारून घ्या आणि नव्या निवडीच्या आठवड्यात ठरावाच्या प्रतीसह नव्या सभापतींना भेटा.